न घेतलेली जेवणं

मे महिन्याची चार तारीख, सोमवार. रक्कम अठरा हजार दोनशे चाळीस रुपये. हजर चौघं: मी, माझी पत्नी, भाषावर्गाच्या समन्वयक बाई आणि ओडिशातून आलेली चोवीस वर्षांची एक नर्स. ठिकाण, कर्वेनगरातल्या आमच्या घरचं जेवणाचं टेबल.

रकमेची फोड अशी होती. सहा आठवडे खोलीचे नऊ हजार. नाश्त्याचे चाळीस, दुपारच्या जेवणाचे नव्वद, रात्रीच्या जेवणाचे नव्वद, म्हणजे दिवसाला दोनशे वीस आणि बेचाळीस दिवसांचे नऊ हजार दोनशे चाळीस. हे सगळं मी आदल्या दिवशी कागदावर लिहून काढलं होतं, दोन प्रतींत. एक तिला, एक आम्हाला. कागदावर चार कलमं होती. पहिली तीन बाईंनी सांगितलेली. चौथं मी आपणहून घातलं होतं: 'न घेतलेल्या जेवणाचे पैसे दर रविवारी परत मिळतील.' ते कोणी मागितलेलं नव्हतं.

आमच्या सोसायटीच्या मागे कॉलेजचं आवार आहे. दर उन्हाळ्यात तिथे बाहेरच्या लोकांसाठी सहा आठवड्यांचा मराठीचा वर्ग भरतो. बदली होऊन आलेले बँकवाले, एखाद-दुसरा परदेशी संशोधक, असे लोक असतात. एरवी ते कॉलेजच्या होस्टेलवर राहतात आणि तिथल्याच मेसमध्ये जेवतात. या वर्षी होस्टेलच्या पाण्याच्या टाकीचं काम निघालं आणि मेसचे आचारी गावी गेले. अकरा विद्यार्थी, आणि राहायला जागा नाही. बाई भाजीच्या दुकानात माझ्या पत्नीला भेटायच्या, त्या ओळखीवर त्यांनी विचारलं. मुलगा बंगळुरूला नोकरीला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. पत्नी हो म्हणाली. मी दर ठरवले.

नर्स मुलीने पैसे रोख दिले. दोन वर्षं नोकरी करून तिने ते साठवले होते, आणि वर्गाची फी, हे अठरा हजार आणि परतीचं तिकीट एवढ्यात ते संपणार होते. हे तिने पहिल्याच दिवशी आपणहून सांगितलं, हिंदीत. का आली तेही सांगितलं. पुण्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावांत काम करणाऱ्या एका संस्थेने तिला नर्सची जागा देऊ केली होती. पेशंट बहुतेक म्हाताऱ्या बायका, मराठीशिवाय दुसरं काही न समजणाऱ्या. संस्थेची अट एकच: जूनमधली तोंडी परीक्षा पास व्हायची आणि एक जुलैला हजर व्हायचं. घरापासून दूर, स्वतःची खोली, स्वतःचा पगार. ती म्हणाली, तिच्या घरात असं अजून कोणाला मिळालेलं नाही.

मी तीस वर्षं हडपसरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या खात्यात आहे. मला कागद स्वच्छ लागतो. पहिल्याच दिवशी मी फ्रिजवर एक तक्ता लावला. बेचाळीस आडव्या ओळी, तीन उभे रकाने. जेवण झालं की पेन्सिलने खूण.

"मेस काढलीत की पतपेढी?" पत्नी म्हणाली.

"तिचे पैसे आहेत. आपल्याकडे जास्तीचे राहायला नकोत."

"अहो, दोन पोळ्या आणि वाटीभर आमटी. त्यात जास्तीचं काय राहणार?"

पहिल्या आठवड्यात वर्गाची सहल आणि कुठे कुठे भेटी होत्या, म्हणून तिची तीन दुपारची जेवणं चुकली. रविवारी सकाळी मी पाकिटात दोनशे सत्तर रुपये घातले, वर तारीख लिहिली, 'न घेतलेली जेवणं: ३' असं लिहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं. तिला कळेचना. मी कागदावरचं चौथं कलम दाखवलं.

"काका, नको. तुम्ही स्वयंपाक केला."

"केला, पण तू जेवली नाहीस. न जेवलेल्या जेवणाचे पैसे मी ठेवणार नाही."

तिने पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे खरं आहे.

संध्याकाळी ती आणि माझी पत्नी स्वयंपाकघरात सराव करत. पत्नी कमरेवर हात ठेवून म्हातारी व्हायची. "अगं पोरी, पाय लई दुखतात बघ." मुलगी वही बंद करून विचारायची, "आजी, कुठे दुखतं? कधीपासून दुखतं? गोळी घेतली का?" पत्नीने तिला शिकवलं होतं की खेडेगावात म्हातारीला थेट दुखणं विचारायचं नाही. आधी विचारायचं, "आजी, जेवलात का?" मग बाकीचं. दोन आठवड्यांत ती हे इतकं सहज विचारायला लागली की मी कामावरून आलो की मलाही विचारायची. "काका, जेवलात का?" संध्याकाळचे साडेसात वाजलेले असायचे. मी म्हणायचो, "अजून नाही. तू?" ती म्हणायची, "मी जेवले. बाहेर."

दुसऱ्या आठवड्यात न घेतलेली जेवणं पाच झाली. तिसऱ्यात आठ. मैत्रिणींबरोबर खाल्लं, असं ती सांगायची. नाश्ता मात्र सोडायची नाही. पोहे असोत, उपमा असो, ताटली चमच्याने खरवडून स्वच्छ करायची. मी पाकिटं देत गेलो. साडेचारशे. सातशे वीस. चौथ्या आठवड्यात आठवड्याच्या चौदा जेवणांपैकी नऊ जेवणं कोरी राहिली. आठशे दहा.

त्या रविवारी मी पाकिटावर आकडा लिहीत होतो आणि पत्नी कणीक मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुम्ही त्या मुलीला उपाशी राहायचे पैसे देताय."

"बाहेर खाते म्हणते ना."

"तिचे गाल बघितलेत? बाहेर खाणाऱ्याचे गाल आहेत ते?"

"घरी पाठवत असेल पैसे. तिचा प्रश्न आहे. आपण कोण विचारणार?"

"काकू म्हणते मला. मी विचारलं. म्हणाली, पोट भरलंय. आता मी काय तिच्या तोंडात घास कोंबू?"

मला उपाय सुचला तो हिशेबाचाच. मुलगी खोलीतून आल्यावर मी म्हणालो, "यापुढचे पैसे एकदम शेवटी देईन. दर रविवारी सुट्टे काढायला त्रास होतो." ती आत गेली आणि तिची प्रत घेऊन आली. घडी घालून घालून कागद मऊ झाला होता. तिने चौथ्या कलमावर बोट ठेवलं.

"काका, इथे दर रविवारी."

तिच्या बोटाखाली माझंच अक्षर होतं. तिचा चेहरा भांडणाऱ्या माणसाचा नव्हता, घाबरलेल्या माणसाचा होता. का घाबरली ते मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे. लिहिलंय ते पाळायला हवं," आणि पाकीट दिलं.

दुसऱ्या दिवशी सोमवारी पत्नीने तिच्या हातात डबाच दिला. भात, वरण, बटाट्याची भाजी. भात तिला आवडायचा. "वर्गातच खा," पत्नीने सांगितलं, "आणि हा डबा माझा आहे. ह्यांच्या तक्त्यात नाही." मी नेमका फ्रिजपाशी उभा होतो, नाश्त्याची खूण करायला. पेन्सिल हातात होती. मुलीने डब्याकडे पाहिलं, मग पेन्सिलीकडे.

"काका, डबा म्हणजे जेवण?"

मला उत्तर द्यायला चार-पाच सेकंद लागले असतील. त्या वेळात मी खरोखर हाच विचार करत होतो की डबा कोणत्या रकान्यात येतो. मी "नाही, तो वेगळा" म्हणालो, पण तोवर तिने डबा ओट्यावर ठेवला होता आणि चपला घालून ती जिन्यात गेली होती. मला त्या दिवशी सुट्टी होती, डबा दुपारी आम्ही उघडला. पत्नीने तो भात मला वाढला नाही. कामवाल्या बाईंना दिला.

पाचव्या आठवड्यातही नऊ. आठशे दहा. पाच पाकिटं मिळून तीन हजार साठ.

सहाव्या आठवड्यात सोमवारी सकाळी मात्र ती लवकर आवरून, हसत बाहेर पडली. दुपारी घरी जेवायला आली. रात्रीही जेवली. तीन पोळ्या आणि दोनदा भात. पत्नीने माझ्याकडे पाहिलं. मंगळवारीही तिन्ही वेळा खूण झाली. मला वाटलं, झालं गेलं, आता परीक्षेपर्यंत ठीक. परीक्षा शनिवारी, तेरा जूनला होती.

बुधवारी नाश्ता करून ती वर्गात गेली आणि अकरा वाजता परत आली ती पांघरूण घेऊनच झोपली. ताप एकशे दोन. गुरुवारी एकशे तीनच्या वर. पत्नीने मला हडपसरला फोन केला, मी येईपर्यंत शेजारणीला घेऊन ती तिला दवाखान्यात घेऊन गेली होती. रक्त तपासलं. टायफॉइड. डॉक्टरांनी मुलीला विचारलं, बाहेर काय खात होतीस? ती म्हणाली, चौकातल्या गाडीवर एक वडापाव आणि बर्फाचं सरबत, जेवणाच्या वेळेला. रोज? जवळजवळ रोज. ती स्वतः नर्स. डॉक्टर तिच्याकडे आणि मग आमच्याकडे बघत राहिले. "तुम्ही तिचे कोण?" त्यांनी विचारलं. पत्नी म्हणाली, "तिची मेस."

दाखल करून घेतलं. किमान पाच दिवस, म्हणाले.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि कॉलेजमध्ये समन्वयक बाईंकडे गेलो. बाई साठीच्या आहेत, टेबलावर एक कागद तिरका नसतो. एरवी मला हे आवडलं असतं.

"परीक्षा सोमवारी घ्या," मी म्हणालो. "ती उठून बसते. बोलू शकते."

"परीक्षक बाहेरगावचे आहेत. उद्या संध्याकाळी परत जातात."

"मग उद्या दवाखान्यात चला. पायी बारा मिनिटं आहे. रिक्षा मी करतो."

"परीक्षा याच आवारात घ्यायची असते. तसं छापलेलं आहे."

"आजारपणासाठी काही सोय छापलेली आहे का?"

"आहे. डिसेंबरची परीक्षा."

"तिला एक जुलैला हजर व्हायचंय. डिसेंबरचा उपयोग नाही."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "अहो, नियम मी केलेले नाहीत. मोडायचा अधिकारही मला दिलेला नाही. आणि आपल्याला मी नियम काय सांगायचे? न खाल्लेल्या पोळीचेसुद्धा पैसे परत करणारे आपण."

हे त्यांना कसं कळलं, असं मी विचारलं. बाईंनी खण उघडला. त्यातून रबर लावलेली पाच पाकिटं काढून टेबलावर ठेवली. रिकामी. प्रत्येकावर माझ्या अक्षरात तारीख आणि 'न घेतलेली जेवणं', पुढे आकडा. तीन, पाच, आठ, नऊ, नऊ.

"परीक्षेचं शुल्क वेगळं असतं, तीन हजार," बाई म्हणाल्या. "माहितीपत्रकात लिहायचं राहून गेलं. दुसऱ्या आठवड्यात मी फलकावर सूचना लावली. मुदत परवाच्या सोमवारची होती. बाकीच्यांनी ऑनलाइन भरलं. ही मुलगी पाकिटं घेऊन आली आणि इथे उभी राहून पैसे मोजले. साठ रुपये जास्त होते, ते तिला परत दिले. पाकिटं विसरून गेली."

मी विचारलं, परीक्षाच देता येत नसेल तर ते तीन हजार?

"नाव नोंदवलं की परत मिळत नाहीत."

डिसेंबरचं शुल्क मी आत्ता तिच्या नावाने भरतो, असं म्हणालो. अर्ज ऑक्टोबरात निघतात आणि उमेदवाराच्या सहीशिवाय घेत नाहीत. मी खिशातून काढलेलं पाकीट तसंच परत ठेवलं. निघताना बाई म्हणाल्या, "मला वाईट वाटत नाही असं समजू नका." मी तसं समजलो नव्हतो. मी त्यांच्या जागी असतो तर हीच उत्तरं दिली असती, आणि पायऱ्या उतरताना माझ्या मनात हेच होतं.

घरी येऊन पत्नीला सांगितलं. तिने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली.

"तीन हजार," ती म्हणाली. "नुसतं म्हणाली असती, काकू, तीन हजार कमी पडतात."

"मी विचारलं असतं तर म्हणाली असती."

"हो," पत्नी म्हणाली. आणि उठून तिने गॅस परत लावला.

शनिवारी सकाळी मी दवाखान्यात बसलो होतो. मुलीच्या हाताला सलाईन. तिची वेळ अकरा वाजताची होती, ते तिला पाठ होतं आणि मलाही. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. अकराला पाच मिनिटं कमी असताना तिने केसांवरून हात फिरवला, उशी मागे घेऊन ती ताठ बसली आणि वही माझ्याकडे दिली.

"काका, तुम्ही विचारा."

"मी परीक्षक नाही."

"विचारा."

मी वहीतला पहिला प्रश्न वाचला. आपलं नाव सांगा, गाव सांगा, शिक्षण सांगा. तिने सांगितलं. तुमच्या गावाचं वर्णन करा. तिने केलं, नदी, शाळा, भाताची शेतं. तुमच्याकडे एक वयस्क पेशंट आली आहे, तिच्याशी बोला. वहीत पेशंट कोण होणार ते लिहिलेलं नव्हतं. मीच झालो. मी म्हणालो, "मला बरं वाटत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, आवाज थोडा उंच केला, म्हाताऱ्या माणसाशी बोलताना करतात तसा. "आजोबा, जेवलात का?"

मी वहीत पुढचं वाक्य शोधू लागलो. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अहो, ती विचारतेय काहीतरी, सांगा की." मी म्हणालो, "हो, जेवलो." ती पुढे गेली. कधीपासून, कुठे, झोप लागते का, गोळी कोणती. एकदाही अडखळली नाही. सगळं मिळून अकरा मिनिटं झाली. मग तिने विचारलं, "पास?"

मी हो म्हणू शकलो असतो. पण ती मला ओळखून होती आणि मीही तिला. "मला गुण देण्याचा अधिकार नाही," मी म्हणालो. ती हसली आणि आडवी झाली.

सोमवारी तिने खाटेवरूनच त्या संस्थेला फोन केला. मी बाहेरच्या बाकावर होतो. ती पहिल्यांदा बराच वेळ बोलली, मराठीत, मग नुसतं "हो" आणि "हो मॅडम". नंतर मला सांगितलं, यादीतल्या पुढच्या नावाची मुलगी यवतमाळची आहे, मराठीच बोलते, तिला बोलावलंय. मी म्हणालो, मी बोलून बघू का त्यांच्याशी? तिने विचारलं, "काय सांगाल?"

दवाखान्याचं बिल वर्गाच्या फीमध्ये असलेल्या विम्यातून गेलं. मी डेस्कवर कार्ड घेऊन उभा होतो. डेस्कवरची मुलगी म्हणाली, "काका, तुमचं काही नाही." रिक्षाचे आणि मोसंब्यांचे तेवढे माझे.

मंगळवारी तिला घरी आणलं. कागदाप्रमाणे तिची मुदत रविवारीच संपली होती. तो कागद कोणी काढला नाही. फ्रिजवरचा तक्ता मी आदल्या दिवशी काढून ठेवला होता. सहाव्या आठवड्याचा हिशेब मात्र मी केला होता. बुधवार दुपारपासून रविवारपर्यंत दहा जेवणं आणि चार नाश्ते, एक हजार साठ रुपये. पाकिटावर तसं लिहून मी तिला दिलं. पत्नीने कपाळाला हात लावला. मुलीने ते घेतलं आणि बॅगेत ठेवलं.

तीन दिवस पत्नीने तिला मऊ भात, मुगाचं वरण, मग हळूहळू पोळी असं दिलं. ती सगळं जेवली. प्रत्येक वेळी मी मनात खूण करत होतो, सवयीने. शुक्रवारी संध्याकाळची गाडी होती. आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. डिसेंबरला ये, खोली आहे, असं पत्नी तिला दोनदा म्हणाली. ती म्हणाली, "बघते, काकू." आता तिला हे उत्तरही येत होतं.

घरी आलो तर टेबलावर मिठाच्या बरणीखाली पाकीट होतं. सहावं. माझ्या अक्षरातल्या 'न घेतलेली जेवणं' मधला 'न' तिने एका रेघेने खोडला होता आणि खाली लिहिलं होतं, 'तीन दिवस. काकूंसाठी.' मी आतले पैसे मोजले. एक हजार साठ, जसेच्या तसे. तीन दिवसांच्या जेवणाचे सहाशे साठ होतात. खोलीचं भाडं धरलं तर तेराशेच्या वर जातं. आकडा कुठेच बसत नव्हता, आणि मी ते पत्नीला सांगितलं.

"बसवा तुम्ही," ती म्हणाली, आणि पाकीट माझ्या हातातून घेऊन डाळीच्या डब्यामागे ठेवलं. ते अजून तिथेच आहे.

जून महिन्याची एकोणीस तारीख, शुक्रवार. शेवटी दिले गेले एक हजार साठ रुपये, माझ्या पत्नीला. हजर आम्ही दोघंच.